घर मिळालं, दिवस गेला

आमचा पहिला सोफा उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमधून टेम्पोत बसून बदलापूरला आला. साल 1994, गणपतीचे दिवस तोंडावर आलेले. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण राहायचो. तिथे सोफा टीव्हीवरच्या मालिकेतच दिसायचा. नव्या घरात तो भिंतीला लावून ठेवला, आईने पदराने दोनदा पुसला आणि आम्ही सगळे जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत राहिलो. वरचं प्लॅस्टिक बराच काळ कोणी काढू दिलं नाही. मे महिन्यात ते पोटऱ्यांना चिकटायचं, उठताना चर्रकन आवाज यायचा, तरी नाही. ते शेवटी कधी काढलं हे आता घरात कोणालाही सांगता येत नाही. तोपर्यंत सोफ्यावर वाळलेले कपडे पडू लागले होते.

त्याच घरात आणखी एक गोष्ट पहिल्यांदा मिळाली होती, ती म्हणजे आतून कडी लावता येईल असा स्वतःचा संडास. चाळीत पूर्ण मजल्याला मिळून चार होते. आई रांग टाळायला पहाटे चारला उठायची. आजारपणात, बाळंतपणानंतर, भर पावसात, बादली घेऊन ती त्या ओल्या पॅसेजमध्ये उभी राहिलेली मी पाहिली आहे. या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. चाळीच्या आठवणीने आम्ही भावंडं हळवी झालो की ती अजून म्हणते, "तुम्हाला काय जातंय, रांगेत मी असायचे." त्या कडीचं समाधान तिच्या मनातून उतरलेलं नाही. सोफ्याचं वर्षा-दोन वर्षांत उतरलं.

हवं ते सगळं मिळालं तर माणूस कायमचा सुखी होतो का, असं कोणी विचारलं की आपल्याकडे लगेच ययातीचं नाव निघतं. मुलाचं तारुण्य घेऊनही तो तृप्त झाला नाही, म्हणून वासनेला अंत नाही, आणि म्हणून हाव सोडा. मला हे उत्तर अपुरं वाटतं. ती राजाची गोष्ट आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या माणसांना सगळं एकदम कधी मिळालंच नाही. जे मिळालं ते हप्त्याहप्त्याने. आधी घर, मग ग्रिल, मग फ्रिज, मग मुलाच्या कॉलेजची फी. अशा माणसाला विरक्ती शिकवण्याआधी त्याच्या घरात नेमकं काय टिकलं आणि काय विरलं, ते बघायला हवं.

मानसशास्त्राने याचा माग काढला आहे. 1978 मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्या 22 जणांची शेजारपाजारच्या लोकांशी तुलना केली. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे जास्त सुखी निघाले नाहीत. उलट रोजच्या साध्या गोष्टींतला आनंद त्यांना कमी वाटू लागला होता. मिळालेल्या गोष्टीला मन सरावतं. पण याचा अर्थ पैशाने काही होत नाही, असा काढणं चूक आहे. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी 2010 मध्ये म्हटलं होतं की, एका मर्यादेनंतर उत्पन्न वाढलं तरी रोजचं सुख वाढत नाही. पुढे 2023 मध्ये कानेमन यांनीच मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्याबरोबर तो हिशेब पुन्हा तपासला आणि बहुतेक लोकांच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर सुखही वाढत राहतं हे मान्य केलं. आमच्या आईला हे सांगायला कानेमन लागत नाहीत. गरिबीचा एकेक काच सुटतो तेव्हा मिळणारं सुख खरं असतं आणि ते राहतं.

मन सरावतं खरं, पण कशाला सरावतं आणि कशाला नाही, हा खरा प्रश्न आहे.

तो सोफा विकणारे सिंधी काका बाबांशी बोलता बोलता स्वतःच्या लहानपणात गेले होते, ते मला इथे आठवतं. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेली छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेले जवळजवळ एक लाख निर्वासित तिथल्या बरॅकींत उतरले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिथे नव्या गावाची कोनशिला बसवली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीचं नाव त्या गावाला मिळालं. सगळं गमावून आलेल्या माणसांच्या गावाला आनंदाचं नाव. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प नंबर आणि बरॅक नंबर सांगतात. काका सांगत होते, एका बरॅकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये साडीचा नाहीतर गोणपाटाचा पडदा. खोकल्याचा आवाज इकडून तिकडे, भांडणाचा इकडून तिकडे. "पडद्याच्या जागी भिंत आली ना, त्या रात्री माझी आई पहिल्यांदा झोपली." मग त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला आणि सोफ्याच्या भावात शंभर रुपये सोडले.

त्यांच्या आईची भिंत आणि माझ्या आईची कडी या दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी आहेत. रोज बोचणारं काहीतरी त्यांनी थांबवलं. सोफ्याने काहीच थांबवलं नव्हतं. आपल्याकडेही आता आहे, एवढंच तो सांगत होता, आणि हे सांगणं शेजाऱ्याकडे त्याहून भारी सोफा येईपर्यंतच टिकतं. हाव वाईट म्हणून सरसकट सगळ्या इच्छांना एकाच टोपलीत टाकणारे लोक हा फरक बघत नाहीत, आणि त्यात अन्याय नेहमी गरजवंतावर होतो.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. ती माझ्या पिढीची आहे.

1982 च्या संपात बाबांची गिरणी बंद पडली ती पडलीच. बरीच वर्षं इकडेतिकडे काढल्यावर त्यांना अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी मिळाली. पगार जेमतेम. पण बदलापूरहून अंबरनाथ म्हणजे पुढचंच स्टेशन. साडेपाचला बाबा घरी असायचे. चहा झाला की नदीवर फेरी, गुरुवारी भजन. महाशिवरात्रीला आम्हाला घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचे. शके 982 चं, म्हणजे इसवी सन 1060 चं, शिलाहारांच्या काळातलं ते देऊळ. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की वर उघडं आभाळ दिसतं. बाबा तिथे मान वर करून बराच वेळ उभे राहायचे. त्यांना कसली घाई नसायची, हे मला तेव्हा कळलं नाही.

मी नोकरीला लागलो तो फोर्टात. पगार बाबांच्या कितीतरी पट. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. घरातून निघून ऑफिसात टेकेपर्यंत दोन तास, परत तेवढेच. वर्षाला 280 दिवस धरले तरी पंचवीस वर्षांत 28,000 तास झाले. दिवसांत मोडले तर साडेअकराशेच्या वर, म्हणजे रात्रंदिवस धरून सलग तीन वर्षांहून जास्त. माझ्या मुलीचं बोलायला लागणं, पडत पडत चालणं, हे त्या तीन वर्षांच्या खात्यातून गेलं.

आणि लोकलच्या गर्दीला मन सरावत नाही. पंचवीस वर्षांनंतरही प्लॅटफॉर्मवर इंडिकेटर बदलला की छातीत तेवढंच धस्स होतं. अंबरनाथची माणसं बसायला मिळावं म्हणून उलटी बदलापूरला येतात, मग बदलापूरवाल्यांशी त्यांची रोज चकमक. दोन्हीकडची माणसं थकलेली, दोघांचंही बरोबर. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेक्सासमधल्या नोकरदार बायकांनी आपला कालचा दिवस टप्प्याटप्प्याने कसा गेला ते नोंदवलं, तेव्हा सगळ्यात नकोसा ठरला तो सकाळी कामावर जाण्याचा प्रवास. त्या तर बहुधा स्वतःच्या गाडीने जाणाऱ्या. झुरिकचे अर्थतज्ज्ञ ब्रुनो फ्राय आणि आलोइस स्टुट्झर यांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती तपासली. लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या पगाराने किंवा चांगल्या घराने व्हायला हवी, असं अर्थशास्त्र मानतं. त्यांना ती होताना दिसली नाही. जास्त प्रवास करणारी माणसं कमीच समाधानी होती. घराची सवय झाली, पण प्रवासाची होऊ शकली नाही.

मग आम्ही असा सौदा का केला? हाव सुटली म्हणून नव्हे. लालबाग-परळमध्ये मोठं घर आमच्या ऐपतीत नव्हतं, आणि पुढे गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले, त्यातलं तर एक बाथरूमही नव्हतं. दोन खोल्या जिथे परवडल्या तिथे आम्ही आलो. घराची किंमत रुपयांत लिहिलेली होती, तासांतली कुठेच लिहिलेली नव्हती. आजही नसते. सॅम्पल फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन असतं, खोटी फळं ठेवलेली तिवई असते, गार एसी असतो. घरातल्या माणसाच्या दिवसाचे किती तास त्या घरात जातील, हे सांगणारा कागद नसतो.

एक गोष्ट मात्र नोंदवायलाच हवी. त्या 28,000 तासांत जे चांगले गेले ते आमच्या लोकलमधल्या ग्रुपमुळे. डब्यात टाळ निघायचे, पत्र्यावर ठेका धरला जायचा, एकाच्या मुलीच्या लग्नाला सगळा डबा डोंबिवलीला गेला होता. कोणी चार दिवस दिसला नाही की फोन जायचा. माझ्या घरात आज हवं ते जवळजवळ सगळं आहे. सुखाचे दिवस आठव म्हटलं तर त्यातलं काही आठवत नाही. आठवतात ते चौथ्या सीटवर अर्धवट टेकून म्हटलेले अभंग आणि बाबांची साडेपाचची चहाची वेळ. दोन्हींत माणसं होती. बाबांना तो वेळ आपोआप मिळत होता, आम्हाला तो गर्दीतून ओरबाडून घ्यावा लागला.

म्हणून कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं रखडणं ही मला फक्त रेल्वेची बातमी वाटत नाही. हजारो घरांतली संध्याकाळ त्यावर अवलंबून आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत चांगल्या पगाराच्या नोकऱ्या याव्यात, हीसुद्धा सुखाचीच मागणी आहे, आणि ती लाज न बाळगता करावी.

या पट्ट्यात घर बघायला येणाऱ्या तरुण जोडप्यांना माझी एक विनंती आहे. रविवारी दुपारी सॅम्पल फ्लॅट बघा, जरूर बघा. पण बुकिंगचा चेक देण्याआधी सोमवारी सकाळी दोघंही बदलापूरच्या प्लॅटफॉर्मवर या, गर्दीची लोकल पकडा आणि ऑफिसला जाऊन त्याच संध्याकाळी परत या. घरी पोचल्यावर घड्याळ बघा. मग ठरवा.