उपवासाचे मीठ

व्रताच्या दिवशी मीठ वर्ज्य मानावे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात बहुधा स्वयंपाकघरातच मिटवला जातो; साध्या मिठाऐवजी सैंधव, म्हणजे खाणीतून निघणारे शेंदेलोण, वापरले की बहुतेक घरी उपवास निभावतो, आणि ज्यांचे व्रत अधिक कडक असते ते अळणी खातात. परंतु देवळाली प्रवरेसारख्या, प्रवरेच्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या परिसरात वैशाखातील एकादशीला भर उन्हात खुरपणी करणारी बाई बांधावर बसून किटलीतले पातळ ताक पेल्यात ओतते, तेव्हा त्यात पडणारे चिमूटभर मीठ निव्वळ चवीचे राहत नाही. घामावाटे पाण्याबरोबर मीठही देहाबाहेर गेलेले असते, आणि तासन्‌तास केवळ पाणीच पीत राहिल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण आणखी उतरून ग्लानी येऊ शकते. काश्मिरात मीठ चहात घालतात, कोकणात सोलकढीत आणि देशावर ताकात व पन्ह्यात. पैकी उन्हाच्या मुलखातील पेयांना देहाची ही झीज भरून काढायची असते.

शास्त्रकारांनी या गरजेकडे पाठ फिरवलेली नाही. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हवी, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे एक प्रसिद्ध वचन सांगते. हविष्यान्नाच्या, म्हणजे यज्ञात अर्पण करण्याजोग्या आणि म्हणून व्रतात चालणाऱ्या अन्नाच्या, एका प्रचलित यादीत तर सैंधवाबरोबर समुद्राचे मीठही आहे. गीतेचा सतरावा अध्याय खारट अन्नाला राजस म्हणतो खरे, पण शंकराचार्यांच्या भाष्यानुसार तेथील ‘अति’ हे विशेषण प्रत्येक रसाला लावायचे आहे. आणि त्याच अध्यायात शास्त्राने न सांगितलेल्या तपाने देह कष्टविणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. ज्या नेवाशात शके 1212 मध्ये या गीतेवर ज्ञानेश्वरांची टीका सिद्ध झाली, ते देवळाली प्रवरेच्याच जिल्ह्यात असल्याने येथील वारकऱ्याला हा विचार परका नाही.

तेव्हा व्रतात सोडायची ती मिठाची गोडी, आणि ती ज्याने त्याने स्वेच्छेने सोडायची. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांच्या आजारपणात गांधींनी मीठ आणि डाळी सोडल्या. त्याच गांधींनी 1930 मध्ये मिठावरील कराविरुद्ध दांडीची वाट धरली, कारण गरिबाला हवा-पाण्याखालोखाल मीठ लागते, अशी त्यांची धारणा होती. स्वतः केलेला त्याग दुसऱ्यावर लादता येत नाही, हे यात फार स्वच्छ दिसते. म्हणून उपवास आहे एवढ्याच कारणाने खुरपणीला गेलेल्या सुनेचे ताक अळणी ठेवणारे घर तिच्या व्रताला काडीचाही हातभार लावत नाही. उलट सावलीत बसून काम करणाऱ्या आणि रक्तदाब वाढलेल्या माणसाला मीठ कमी करणे हेच औषध असते. त्याने एकादशीलाच काय, द्वादशीलाही ताक अळणीच प्यावे.