दाढ काढायच्या आधी

सातारा, फेब्रुवारी अखेर

चि. सुहास यास,


फोनवर तू नुसतं ‘हो आत्या, हो आत्या’ करतोस आणि संध्याकाळी मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणून मोकळा होतोस. म्हणून लिहूनच धाडते आहे. वहिनींनाही वाचून दाखव. तुझ्यापेक्षा हे पत्र त्यांच्यासाठी जास्त आहे, का ते पुढे कळेल.

आधी तुझं. सर्दी झाली, आठवड्याने वरच्या उजव्या बाजूच्या तीन दाढा एकदम ठणकायला लागल्या, पोत्यातली हळद बघायला वाकलास की गाल जड होतो, जिना उतरताना प्रत्येक पायरीचा हिसका दाढेत बसतो. शेजारच्या अडत्याने सांगितलं, काढून टाक, एकदाचं संपेल. त्याला विचार, तिन्ही काढू की त्यातली एक?

अरे, कीड लागते ती बहुधा एका दाढेला. ती थंड पाण्याने झिणझिणते, गरम चहाने रात्री जागं ठेवते आणि बोट ठेवून दाखवता येते. तीन दाढा एका सुरात दुखायला लागल्या, त्याही वरच्याच आणि सर्दीच्या पाठोपाठ, की माझी नजर दातांवरून वर जाते. गालाच्या हाडात नाकाला जोडलेली एक पोकळी असते, मॅक्सिलरी सायनस. वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला टेकलेली असतात. काहींच्यात मधलं हाड कागदाइतकं पातळ असतं, तर काहींच्यात नसतंच, नुसतं अस्तर. दाढांना जाणाऱ्या नसाही याच पोकळीच्या भिंतीतून जातात. आत सूज आली, पू साठला की नस कुरकुरते आणि मेंदू समजतो दाढ दुखतेय. वर या पोकळीचं तोंड तळाशी नाही, वरच्या बाजूला आहे. खोलीला मोरीच नसावी, फक्त छताजवळ झरोका असावा, तशी गत. उभ्या माणसाचं साठलेलं सहजी बाहेर येत नाही.

तेव्हा दाढ काढू नकोस. दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याने नाक धू. पाणी उकळून गार केलेलंच घे, नळाचं नको. वाफ घेतोस तर पातेलं टेबलावर ठेव, मांडीवर नाही. पोळलेल्या मांड्या मी दातांच्या दवाखान्यातसुद्धा पाहिल्या आहेत. नाकात सोडायचे थेंब चार दिवसांच्या वर नकोत, नंतर नाक त्यांच्यावाचून उघडत नाही. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने तर नाहीच. सर्दीमागोमाग आलेला सायनस बहुतेक वेळा विषाणूचा असतो आणि दहा दिवसांच्या आत उतरणीला लागतो. दहा दिवस उलटून गेले, किंवा बरं वाटून पुन्हा उसळलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आणि हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत तोंडाला रुमाल बांधत जा. मार्केट यार्डातली धूळ नाकाला सर्दीशिवायही पुरेशी आहे.

तरीही दाताच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घे. ते एकेका दाढेवर आरशाच्या दांड्याने टकटक करतील, थंड लावून बघतील. तिन्ही दाढा सारख्याच कण्हल्या आणि थंड त्यांना नीट कळलं तर दोष त्यांचा नाही. एकच किंचाळली तर मग वेगळं बोलू. तोवर दाढेशी अ‍ॅस्पिरिनची गोळी धरून बसू नकोस. हिरडी पांढरी पडून तिची साल निघते आणि दुखणं एकाचं दोन होतं.

आता वहिनी. फोन ठेवता ठेवता तू सहज म्हणालास, ‘आईचंही नाक वाहतंय, वर्ष झालं, तिला पण सायनसच आहे.’ डाव्याच नाकपुडीतून, घाण वासाचं, पिवळं. दाढ मात्र अजिबात दुखत नाही म्हणे. तुझ्या तीन दाढांपेक्षा ही न दुखणारी दाढ मला जास्त सतावते आहे.

त्याच बाजूच्या वरच्या दाढेचं रूट कॅनाल होऊन वर टोपी बसवलेली आहे ना? रूट कॅनाल केलेल्या दाढेत नस उरत नाही, म्हणून ती ओरडत नाही. पण वरच्या दाढेत एखादी बारीक नळी हाती लागायची राहून जाते, चांगल्या हातांकडूनही. तिथला जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाशी मुरतो आणि तळाचं हाड पोखरून वर सायनसमध्ये शिरतो. मग नाक वाहतं, औषधाने चार दिवस थांबतं, पुन्हा वाहतं. सर्दीचा सायनस सहसा दोन्ही बाजूंना असतो. एकाच बाजूचा, वास येणारा, परत परत येणारा सायनस असला की दातावर संशय घ्यायचाच. जुन्या पुस्तकांत दातापासून झालेल्या सायनसचं प्रमाण दहा-बारा टक्के लिहिलेलं असायचं. सीटी स्कॅन सर्रास व्हायला लागल्यावर ते त्याहून बरंच जास्त निघालं. अडचण अशी, की नाकाचे डॉक्टर दात पाहत नाहीत आणि आम्ही दातवाले नाक पाहत नाही. पेशंट दोघांच्या मध्ये वर्ष काढतो.

साध्या छोट्या एक्स-रेवर समाधान मानू नका. वरच्या दाढांवर गालाच्या हाडाची सावली पडते आणि नेमकं हवं तेच झाकलं जातं. सीबीसीटी, म्हणजे दातांचा सीटी स्कॅन, करून घ्या, त्यात मूळ आणि सायनसचा तळ दोन्ही स्वच्छ दिसतात. सांगलीत राहून यासाठी पुणं गाठायची गरज नाही. वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आणि मेडिकल कॉलेज दोन्ही आहेत, पुढे मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. विल्यम वानलेसनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून आजूबाजूचे लोक दुखणं घेऊन तिकडे जाताहेत, आणि आपण मेडिकलवाल्याला विचारतो!

दाढ दोषी ठरली तर रूट कॅनाल पुन्हा करतील किंवा ती काढतील. गरज पडली तर नाकातून दुर्बिणीने सायनसची वाट मोकळी करतील. काढायची ठरली तर आधीच विचारा, मुळं सायनसमध्ये गेली आहेत का. नॅथॅनियल हायमोर या इंग्रज डॉक्टरने १६५१ मध्ये या पोकळीचं वर्णन केलं. त्याच्याकडे एक बाई आली होती. दात काढल्यावर तिथून पाणी झिरपत राहिलं. तिने भोकात पिसाचा देठ सारून पाहिला, तो आतच जात राहिला. मेंदूला लागला की काय म्हणून ती घाबरली! मेंदू नव्हे, सायनस. आजही दाढ काढल्यावर चूळ नाकातून बाहेर आली तर समजावं की भोक पडलंय आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. लहान भोक आपोआप भरतं, मोठं टाके घालून बंद करतात. तोवर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. आणि मिश्री बंद. वहिनी म्हणतील, मिश्रीने दात घट्ट राहतात. तंबाखूने हिरडी नुसती बधिर होते आणि जखम भरायला वेळ लागतो. हे माझ्या तोंडून आल्याचं सांग, तुझ्या नको. तुझं ऐकायच्या नाहीत.

एक गोष्ट मात्र माझ्या फोनची वाट न पाहता करायची. त्यांना साखर आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनानंतर, मुख्यतः साखर असलेल्यांत, काळी बुरशी, म्युकर, पसरली होती, आठवतं? मे महिन्यात केंद्राने राज्यांना तिचा प्रत्येक रुग्ण नोंदवायला सांगितलं होतं. कित्येकांची पहिली तक्रार होती वरचे दात हलायला लागल्याची. काहींचा जबडा काढावा लागला. वहिनींना तसं असेल असं मला वाटत नाही, तो आजार वर्षभर असा संथ चालत नाही. पण गाल बधिर झाला, वरचे दात अचानक हलले, डोळा सुजला, दोन-दोन दिसायला लागलं किंवा टाळूवर काळा डाग दिसला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मिरजेला न्यायचं.

सोमवारी त्यांना घेऊन जा, यार्डाचे सौदे एक दिवस दिवाणजी बघतील. जाताना रूट कॅनालचे जुने एक्स-रे आणि साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट बरोबर ने. रिपोर्टचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, नीट प्रकाशात काढलेला. मागचा मला वाचताच आला नव्हता.

तुझी,
आत्या