शेजाऱ्याची विहीर



गेल्या पावसाळ्यात चर्चमागच्या आळीत एका घरातील दोन मुलांना कावीळ झाली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा आजीने तांब्याभर पाणी पुढे केले. "फादर, आमच्याच विहिरीचं आहे, साखरेसारखं." आम्ही ते प्यालो. पुढे पाणी तपासून घेतले, तर त्यात मैल्याचे जंतू निघाले.

त्या विहिरीपासून पंचवीस पावलांवर आपल्या पॅरिश हॉलच्या संडासाची टाकी आहे. हॉलच्या नकाशावर सही आमची आहे. फरशीच्या रंगावर तेव्हा तीन बैठका झाल्या होत्या. टाकी कुठे खणायची हे मात्र कोणी विचारले नाही, आम्हीही नाही. विहिरीभोवती आणखी चार टाक्या आहेत. म्हणजे नेमके कोणाचे पाणी विहिरीत उतरले हे कोणी सांगू शकणार नाही. पाच टाक्या, पाच मालक, आणि प्रत्येकाने आपापल्या जागेतच खणलेले. मग दोष कोणाचा?

हा प्रश्न पूर्वी लंडनमधील एका तरुण धर्मगुरूसमोरही आला होता. १८०१ साली त्या शहराची वस्ती दहा लाखांच्या आसपास होती, १८५१ मध्ये ती तेवीस लाखांवर गेली. घरे वाढली, पण मैला मात्र घराखालच्या खड्ड्यांतच राहिला. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात कॉलरा पसरला आणि सहाशेच्या वर माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी तिथल्या पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवले. लोकांचा विश्वास बसेना, कारण त्या पंपाचे पाणी चवीला नावाजलेले होते. दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक बाई ते गाडीवरून मुद्दाम मागवत असे. तीही कॉलऱ्याने गेली.

तिथले अँग्लिकन धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांनाही स्नो यांचे म्हणणे पटले नव्हते. ते खोडून काढावे म्हणून ते घरोघरी गेले, कोणी कुठले पाणी प्याले हे विचारत राहिले, आणि शेवटी त्यांना स्वतःचेच मत बदलावे लागले. साथीचे मूळही त्यांनाच सापडले. पंपाजवळच्या घरातील एका तान्ह्या बाळाला जुलाब झाले होते आणि आईने लंगोट धुतलेले पाणी घरच्या खड्ड्यात ओतले होते. खड्ड्याच्या विटा सैल झाल्या होत्या आणि विहीर तीन फुटांच्या आत होती.

त्या आईने पाप केले का? कोणीही नाही म्हणेल. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांचा अज्ञानावरचा भाग आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. तो आता पुन्हा काढून पाहिला. जे कळणे शक्यच नव्हते, ते न कळल्याचा दोष लागत नाही. पण जे कळू शकत होते आणि कळून घेणे ज्याचे कर्तव्य होते, ते त्याने कळून घेतले नाही, तर ते न कळणे हाच दोष. आई पहिल्या बाजूला आहे. आम्ही सही करताना कुठल्या बाजूला होतो?

कारण आज हे गुपित राहिलेले नाही. सेप्टिक टँकमध्ये फक्त गाळ खाली बसतो. वरचे पाणी जंतूंसकट बाहेर पडून शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते. खाली पुरेशी कोरडी माती असेल तर ती ते गाळते. आपली जमीन पडली रेताड, त्यात पावसाळ्यात विहिरीचे पाणी हाताला लागेल इतके वर येते. गाळायला माती उरते कुठे? वाडीत एक घर आणि एक खड्डा होता तोवर जमिनीने सांभाळून घेतले. आता त्याच वाडीत चार मजली इमारत आहे, बावखल बुजले आहे, आणि २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर गेल्याला बरीच वर्षे झाली. पाणी उकळले तर कावीळ-टायफॉइडचे जंतू मरतात, पण मैल्यातून उतरलेले नायट्रेट उकळून जात नाही, आणि त्याचा धोका तान्ह्या बाळांना सर्वाधिक असतो. पाण्याच्या रंगावरून किंवा चवीवरून ते ओळखताही येत नाही.

"गटार पालिकेने घालावे" असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. भुयारी गटार आपल्या आळीत यायलाच हवे आणि त्यासाठीच्या अर्जावर आम्हीही सही करू. मात्र खोल्या बांधून भाड्याने देताना खड्डा कुठे येईल हे पालिका नव्हे, आपण ठरवतो. हे पाणी बहुतेक वेळा भाडेकरूच पितो. बाटलीबंद पाणी त्याला रोज परवडत नाही. आमची जागा, आमचा खड्डा, असे म्हणताना कुंपणाखाली सात-बारा चालत नाही हे आपण विसरतो.

त्या आजीला आम्ही सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आमची टाकीपण कुणाच्या तरी विहिरीजवळ असेलच की, फादर."

हॉलची टाकी येत्या शनिवारी गाडी लावून उपसून घेत आहोत, आणि ती कायमची बंद करून नवी टाकी रस्त्याच्या बाजूला, विहिरीपासून दूर बांधायची आहे. काम होईपर्यंत हॉलचे संडास बंद राहतील. ज्यांची लग्ने या महिन्यात आहेत त्या दोन्ही घरी आम्ही जाऊन आलो. एका घरी थोडी नाराजी झाली.