शेजाऱ्याचे पाणी मोजावे का?



गावातल्या विहिरींची पातळी मोजायची, बोअर किती आणि किती खोल याची यादी करायची, असे काम निघाले की एक आक्षेप हमखास ऐकू येतो. "माझ्या विहिरीत वाकून बघणारे तुम्ही कोण? शेजाऱ्यावर विश्वास नाही का?" यातला दुसरा प्रश्न वरवरचा नाही. प्रभू येशूने शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितले. मग त्याच्यावर नजर ठेवणे ही प्रीती कशी?

आधी पहिला प्रश्न घेऊ. विहीर माझी, हे खरे. पण पाणी? आपल्या जिल्ह्याखाली काळा पाषाण आहे. पावसाचे पाणी त्याच्या वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात साठते आणि त्या भेगा सातबारा पाहून फुटलेल्या नसतात. एकाने बोअर घेतला की शेजारच्या म्हातारीचा आड आटतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तरीही 1882 च्या सुखाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची त्याचेच खालचे पाणी, असे धरून आपण चाललो. 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम या समजुतीला काही आळा घालतो, पण बांधावर तो कोण वाचतो?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालमत्तेविषयी एक भेद केला. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे हे माणसाने स्वतःचे म्हणून करावे, कारण सर्वांचे म्हटले की कुणीच सांभाळत नाही. परंतु वापरताना ती सर्वांची आहे असे समजून वापरावी आणि गरजवंताला त्यातून द्यावे. सेमिनरीत हे शिकताना पुस्तकी वाटायचे. मराठवाड्यातल्या मे महिन्यात ते पुस्तकी राहत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्याचे सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क म्हटला, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. लातूरची तहान भागवणारे मांजरा धरण आपल्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावजवळ आहे. ते कोरडे पडले होते.

आता विश्वासाचा प्रश्न. उत्पत्तीच्या 29 व्या अध्यायात हारानजवळची एक विहीर आहे. तिच्या तोंडावर मोठी धोंड होती. सर्व कळप जमल्याखेरीज ती काढायची नाही, असा मेंढपाळांचा रिवाज होता. (राहेलला पाहताच याकोबाने एकट्यानेच ती लोटली, हा भाग वेगळा.) ते मेंढपाळ एकमेकांचे वैरी नव्हते. पाणी थोडे आणि तहान मोठी असली की चांगल्या माणसाचाही हात सैल सुटतो, हे त्यांना ठाऊक असावे. धोंड होती म्हणून कुणाला कुणावर संशय घ्यावा लागत नव्हता.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केले. पाऊस मोजायचा, विहिरी मोजायच्या, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. आकडा सर्वांसमोर असल्यामुळे कुणी कुणाला चोर म्हणण्याची वेळ येत नाही. आपल्याकडे उलटे होते. आकडा नसतो, म्हणून कुजबुज असते.

पण इथे मला थांबावेसे वाटते. पाणवठ्यावरचा पहारा आपल्या लोकांना नवा नाही. आपल्यातल्या कित्येकांच्या आजी-आजोबांना गावच्या विहिरीला हात लावण्याची मुभा नव्हती. कुणीतरी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले ते यासाठीच. तो पहारा माणसांवर होता, पाण्याची त्यात कुणालाच काळजी नव्हती. म्हणून "गाव मिळून राखण करूया" असे म्हटले की गाव म्हणजे कोण, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. शोमरोनी स्त्रीजवळ प्रभूने पाणी मागितले, तेव्हा तिलाही आधी हाच प्रश्न पडला होता.

येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी नगरमधून पाणलोटाचे मोठे काम उभे केले. त्यातून 1993 साली 'वॉटर' ही संस्था निघाली. गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळायची, अशी त्या कामाची अट असे. अट योग्यच होती. पण चराईबंदी म्हणजे भूमिहीन बाईच्या चार शेळ्यांवर बंदी, आणि वाढलेले पाणी मात्र ज्याची विहीर त्याला. ज्या गावाने तिच्या चाऱ्याची सोय केली नाही, त्या गावाच्या हिरवळीला मी तरी पुरता न्याय म्हणणार नाही.

गुणवत्तेचेही तसेच. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवतात. फ्लोराइडला ना रंग ना वास. नायट्रेटचेही तेच. ते किटमध्ये दिसते आणि मग त्या बाईला सांगावे लागते की विहिरीत घाण येते ती अमक्याच्या शोषखड्ड्यातून. तो अमका तिचा चुलतदीर असला तर? तिने गप्प बसावे असे घरातलेच सांगतील. तिच्या पाठीशी आपण उभे राहणार नसू, तर तिच्या हातात किट देण्याला अर्थ नाही.

आणि आपल्या जिल्ह्यातली खास अडचण म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडी परततात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ते नसतात. रब्बीला पाणी किती द्यायचे, हे त्यांच्या माघारी ठरते आणि ते घरी येतात तेव्हा टँकरची रांग लागलेली असते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, त्यातली एक नोंद पावसाळा सरल्यावरची असते. त्याच सुमारास आपण आपल्या गावच्या विहिरी मोजल्या, तर आकडा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडता येईल. त्या दिवशी बहुतेक कोयते अजून गावातच असतात.