कडू म्हणजे कडक नव्हे

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, तंबू चेट्टी रस्त्यावर, कालिकांबाळचं देऊळ आहे. शिवाजी महाराज 1677 साली इथे दर्शनाला आले होते, अशी तिथली परंपरा सांगते. त्यामुळे मराठी प्रवासी इथे आवर्जून डोकावतो. दर्शन झालं की जवळच कुठेतरी दवरा-टंबलरमधली, म्हणजे वाटी-पेल्यातली, फिल्टर कॉफी घेतो, "काय कडक आहे!" म्हणतो आणि पुढे निघतो. माझा वाद या 'कडक'शी आहे.

त्यात कॉफीचा वाटा किती? दक्षिणेत पुडीत सर्रास चिकोरी मिसळतात. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचं भाजून दळलेलं मूळ. तिच्यामुळे डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरात उतरलेला अर्क, दाट, काळं आणि कडू होतं. कायद्यानुसार अशा मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी हवी आणि दोन्हींचं प्रमाण वेष्टनावर छापलेलं हवं. म्हणजे जवळपास निम्मी पूड चिकोरीची असली तरी तक्रारीला जागा नाही. उरलेली कॉफीही बहुधा गर्द भाजलेली. तेल सुटेपर्यंत भाजल्यावर दाणा चिकमगळूरचा की कूर्गचा, हे जिभेला कळणार कसं?

हलक्या भाजणीत दाणा साधारण 200 अंशांच्या आसपास पहिल्यांदा तडतडला की थोड्याच वेळात तो उतरवतात. बियांमधली आम्लं पुष्कळशी टिकतात; फळासारखी आंबटगोड चव येते, क्वचित फुलांचा गंधही. चांगल्या कपात आंबट, गोड, कडू एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत. मात्र इथे किडका, बुरशीचा, कच्चा दाणा लगेच पकडला जातो. गर्द भाजणीत तो खपून जातो, आणि काही उरलंच तर दूध-साखर आहेच.

आपणही नाकं मुरडू नयेत. दुधात उकळून वर जायफळ किसलेल्या आपल्या कॉफीत जायफळच बोलतं. छान लागते, हे कबूल. पण ते जायफळाचं कौतुक झालं.

हलक्या भाजणीचा हा आग्रह केवळ चोखंदळपणा नाही. डोंगरउतारावरच्या मळ्यांत बायाबापड्या पिकलेली लाल फळं हिरव्यातून निवडून तोडतात. बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रात 1925 पासून वाणांवर काम चाललं आहे. तरी देशातली बहुतांश कॉफी निर्यात होते. ज्याला जळक्या आणि नितळ चवीतला फरक कळत नाही, ते गिऱ्हाईक निवडून तोडण्याच्या कष्टाचे जास्तीचे पैसे का देईल? आणि ते मिळणार नसतील, तर मळेवाला तरी निवड का करेल?

गरिबाच्या पेल्यातली चिकोरी ही सोय आहे, तिची टिंगल नको. महागड्या कॅफेतला तोराही नको. बोलणं आहे ते ऐपत असून न विचारणाऱ्यांशी. पुढच्या खेपेला दुकानदाराला चिकोरीचा टक्का विचारा. थोडी बिनचिकोरीची, हलक्या भाजणीची पूड घ्या, घरच्याच फिल्टरात गाळा, गरम पाण्याने पातळ करा आणि साखर न घालता प्या. पहिला घोट आंबट लागेल. कप तिथेच खाली ठेवू नका. जरा निवू द्या आणि दुसरा घोट घ्या.