कायद्यातले ब्रह्मचर्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९६ साली गोरगरिबांच्या सरकारी मदतीची फेररचना करणारा जो अवाढव्य कायदा मंजूर झाला, त्याच्या पोटात दडलेले एक कलम धर्मचिंतकांनी मुद्दाम वाचण्याजोगे आहे. विवाहापर्यंत संयम पाळण्याचे शिक्षण देण्यासाठी केंद्राच्या तिजोरीतून दरसाल पाच कोटी डॉलर खर्चावेत, केंद्राच्या दर चार डॉलरांमागे घटकराज्याने पदरचे तीन घालावेत, आणि या शिक्षणाची व्याख्या आठ पोटकलमांत बांधून द्यावी, अशी ती तरतूद होती. त्यांपैकी एक पोटकलम सांगते की, विवाहबंधनातील परस्परनिष्ठ संबंध हीच मानवी कामव्यवहाराची अपेक्षित मर्यादा होय. दुसरे सांगते की, विवाहबाह्य संबंधाचे परिणाम मनाला व शरीराला अपायकारक होण्याचा संभव असतो. पहिले धर्मवचन आहे आणि दुसरे वैद्यकीय विधान असल्याचा आव आणते. पण कायद्याच्या कागदावर दोघांना एकच शाई लाभली. अशा अनुदानावर चालणाऱ्या वर्गात निरोधाचे नाव निघालेच, तर ते त्याचे अपयश सांगण्यापुरते निघे. कॅलिफोर्नियाने हे अनुदान प्रारंभापासून नाकारले. इतर राज्यांपैकी बहुतेकांनी ते घेतले.

हे सारे एड्सच्या सावटाखाली घडत होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १९८१ मध्ये त्या रोगाची पहिली नोंद झाली आणि पाच वर्षांत अमेरिकन समाज भयाने गोठून गेला. शाळांतून काय शिकवावे, याचा निवाडा करण्याची वेळ आली तेव्हा राष्ट्राचे प्रमुख वैद्याधिकारी होते डॉ. सी. एव्हरेट कूप. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले, गर्भपाताचे कडवे विरोधक आणि निष्ठावंत ख्रिस्ती असे हे गृहस्थ आपलेच म्हणणे अधिकारवाणीने मांडतील, अशी सनातनी पक्षाची खात्री होती. परंतु १९८६ च्या आपल्या अहवालात त्यांनी संयम व एकनिष्ठा हा सर्वांत निर्धोक मार्ग म्हणून सांगितला, जे त्या मार्गाने जाणार नाहीत त्यांच्यासाठी निरोधाची शिफारस केली, आणि हे ज्ञान शाळेत शक्य तितक्या लहान वयापासून द्यावे असेही बजावले. दोन वर्षांनी त्यांच्या कचेरीने या रोगाची माहितीपत्रिका देशातील घरोघरी टपालाने धाडली. आपण राष्ट्राचे वैद्य आहोत, पुरोहित नव्हे, ही त्यांची भूमिका होती. आणि ती घेतल्याने त्यांच्या श्रद्धेला तिळमात्र धक्का पोचला नाही, हे विशेष.

कूप यांच्यावर जो आक्षेप घेतला गेला तो क्षुद्र म्हणून उडवून लावता येणार नाही. चौदा वर्षांच्या मुलाला एका श्वासात ‘हे करू नकोस’ म्हणायचे आणि दुसऱ्या श्वासात ‘केलेच तर असे कर’ म्हणून सांगायचे, यात पहिल्या वाक्याचा जोर दुसऱ्याने ओसरतो, असे आईबापांना वाटले तर त्यांना दोष कसा द्यावा? शिवाय शिक्षण हे कधी सर्वस्वी तटस्थ नसते. नीतीविषयी मौन पाळणारा शिक्षक त्या मौनातूनही काहीतरी शिकवीतच असतो. आणि संयम पाळणाऱ्याला संभोगातून हा रोग होत नाही, हे तर निर्विवाद सत्य आहे. तेव्हा संयमाचा पुरस्कार करण्याचा सरकारला मुळीच अधिकार नाही, असे मला म्हणावयाचे नाही.

मात्र या युक्तिवादात दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. संयम अचूक असतो, यावरून संयमाचा उपदेश अचूक असतो असे सिद्ध होत नाही. जसे उपवासाने जठर रिकामे राहते, म्हणून उपवासाची महती ऐकणारा जेवत नाही असे होत नाही. अमेरिकन काँग्रेसनेच फर्मावलेल्या एका चौकशीचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. चार ठिकाणचे उपक्रम निवडून दोन हजारांहून अधिक मुलांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्या वर्गांत घातले होते व काहींना बाहेर ठेवले होते. काही वर्षांनी पाहता दोन्ही गटांतली सुमारे निम्मी मुले संयमी राहिलेली आढळली, आणि उरलेल्यांच्या पहिल्या संबंधाचे सरासरी वयही दोहोंकडे सारखेच निघाले. उपदेशाने हानी झाली नाही, तसा लाभही झाला नाही.

याहून अधिक विचार करायला लावते ती प्रतिज्ञापत्रांची हकिकत. दक्षिणी बॅप्टिस्ट पंथाने १९९३ मध्ये तरुणांकडून विवाहापर्यंत ब्रह्मचर्य पाळण्याच्या प्रतिज्ञा लिहून घेण्याची चळवळ आरंभिली. ईश्वर, स्वतः, कुटुंब, मित्र आणि भावी जोडीदार यांना साक्षी ठेवून सही करावयाचे ते एक साधेसे कार्ड असे. पुढल्याच वर्षी अशी दोन लाखांवर कार्डे वॉशिंग्टनच्या विस्तीर्ण हिरवळीवर रोवून ठेवण्यात आली. पीटर बेअरमन आणि हॅना ब्रूकनर या समाजशास्त्रज्ञांना २००१ साली असे दिसून आले की, काही परिस्थितीत प्रतिज्ञा घेणारी मुले खरोखरच बराच काळ थांबतात. पण ज्या शाळेत प्रतिज्ञाधारकांची संख्या फार वाढते, तेथे प्रतिज्ञेचा प्रभाव मावळतो. शिवाय ज्यांची प्रतिज्ञा मोडते, त्या मुलांनी त्या पहिल्या प्रसंगी संरक्षक साधन वापरण्याचा संभव इतरांपेक्षा कमी असतो. व्रताचे बळ ते स्वतः निवडण्यात आणि निवडून चारचौघांहून वेगळे उभे राहण्यात असते, हे शास्त्रकारांना ठाऊक असलेले रहस्य येथे आकडेवारीने उघड केले. सर्वांनी घ्यावयाचे व्रत हा रिवाज होतो. आणि रिवाज मोडणाऱ्याला स्वतःचे रक्षण कसे करावे हे कोणी शिकवलेले नसते.

या शिक्षणातला सर्वांत खोल दोष मात्र शुचितेच्या कल्पनेतच आहे. एलिझाबेथ स्मार्ट या मुलीला २००२ साली, तिच्या चौदाव्या वर्षी, घरातून पळवून नेण्यात आले आणि नऊ महिने तिच्यावर अत्याचार झाले. २०१३ मध्ये एका जाहीर भाषणात तिने सांगितले की, शाळेतल्या एका शिक्षिकेने विवाहपूर्व संबंध ठेवणाऱ्या मुलीची तुलना चघळून टाकलेल्या च्युइंगमशी केली होती, आणि बंदिवासात असताना ते शब्द आठवून, आता आपली किंमत काहीच उरली नाही, असे तिला वाटले. चौथ्या-पाचव्या शतकांतील संत ऑगस्टीनने रोम लुटले गेल्यानंतर विटंबित झालेल्या स्त्रियांविषयी नेमका याच प्रश्नाचा निर्णय दिला होता: शुचिता ही मनाच्या संमतीत वसते, ती दुसऱ्याच्या बळजबरीने हरण होत नाही. ख्रिस्ती परंपरेतल्या एका थोर आचार्याने ज्या कल्पनेचे खंडन केले, तीच धर्माच्या नावाने वर्गात शिकवली जावी, याला काय म्हणावे?

संयम हा मनाचा आणि स्वेच्छेचा असावा, असेच आपल्याकडील शास्त्रेही सांगतात. योगसूत्रांत ब्रह्मचर्याची गणना यमांत आहे, आणि यम हा साधकाने स्वतःवर घालून घ्यावयाचा असतो. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्याला गीतेने मिथ्याचारी म्हटले आहे. गांधीजींनी १९०६ मध्ये ब्रह्मचर्याचे व्रत घेतले ते विवाहित, मुलाबाळांचा बाप असलेल्या माणसाने, जाणून-समजून. आणि १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्यास संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांच्याशी वाद घालताना त्यांनी कृत्रिम साधनांना विरोध करून संयमाचीच बाजू घेतली. त्यांचे मत मला पटत नाही. तथापि त्या वादात ज्ञान लपविण्याची सूचना नव्हती. दोघांनाही विषयाची संपूर्ण माहिती होती.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. २००७ साली येथील आमदारांनी किशोरवयीन शिक्षणाच्या सरकारी साहित्यातील चित्रांवर हरकत घेतली आणि राज्याने तो अभ्यासक्रमच बंद केला. अन्य काही राज्यांनीही तोच मार्ग धरला. ज्या भूमीत र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविले, खटले सोसले, आणि जेथे त्यांच्या बचावासाठी १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले, त्या भूमीत इतक्या वर्षांनंतरही चित्रांच्या धास्तीने वर्ग बंद व्हावेत, ही खेदाची गोष्ट होय.

माझा निर्णय थोडक्यात असा. रोग कसा होतो, कसा टळतो आणि कोणत्या साधनाने किती टळतो, हे सर्व मुलांना सांगणे हे राज्याचे कर्तव्य आहे, व ते सांगताना संयम हाच सर्वांत निर्धोक उपाय असल्याचे स्पष्ट म्हणण्यात काहीही गैर नाही. परंतु व्रत देणे हे घराचे, गुरूचे आणि उपासनागृहाचे काम आहे; त्यांनी ते काम कायद्याच्या माथी मारून स्वतः मोकळे होऊ नये. आईबापांनी आपल्या मुलांशी या विषयावर एकदा तरी स्वतः बोलावे. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी निदान शाळेला तरी बोलू द्यावे.