ऐब झाकावा की जखम?

जो आपल्या मुस्लिम बांधवाच्या दोषावर पांघरूण घालतो, त्याच्या दोषांवर अल्लाह कयामतच्या दिवशी पांघरूण घालील, या आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आली आहे. तिचाच आधार घेऊन आपल्या कित्येक घरांत एक गोष्ट वर्षानुवर्षे दडवली जाते. मुलगा दारू पितो, किंवा मालेगावात ज्यांना ‘कुत्ता गोळी’ म्हणतात त्या अल्प्राझोलमच्या गोळ्या खातो. अम्मीला ठाऊक असते, अब्बांना ठाऊक असते, बहुधा मोहल्ल्यालाही. ठाऊक नसते ते फक्त समुपदेशकाला. बहिणीचा निकाह होईपर्यंत वाच्यता नको, असे ठरते. वाचकहो, ही परदापोशी आहे काय?

दोष झाकण्याचा हेतू माणसाला तौबेची वाट मोकळी ठेवणे हा आहे. ज्या पांघरुणाखाली तो खंगत जातो, ते त्याची नव्हे, आपली इभ्रत झाकते. गीबत निषिद्ध आहेच; तरीही इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये सहा प्रसंगी दुसऱ्याचा दोष सांगण्याची मुभा नोंदवली आहे. दुष्कृत्य थांबवण्यासाठी मदत मागणे हा त्यांपैकी एक. अर्थात ज्याच्या हाती उपाय आहे त्यालाच, आणि गरजेपुरतेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था त्या कायद्याच्या कक्षेत येतात.

व्यसनाला आजार म्हटले की पापाची जबाबदारी संपते, अशी शंका काही वडीलधारे घेतात. शंका प्रामाणिक आहे. परंतु पहिला घोट आणि हजारावा घोट सारखा नसतो. तोवर शरीर त्या पदार्थाला बांधले गेलेले असते. जबाबदारी संपत नाही, ती उपचाराच्या दाराशी नेऊन उभी करते. सहीह बुखारीत अब्दुल्लाह नावाच्या एका सहाबींचा उल्लेख आहे. मद्यपानाबद्दल त्यांना वारंवार शिक्षा झाली. कोणीतरी त्यांना शाप देताच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला रोखले आणि सांगितले की, या माणसाचे अल्लाहवर व त्याच्या प्रेषितांवर प्रेम आहे. येथे थोडे थांबावे. शिक्षा माफ झाली नाही, मद्य हलाल ठरले नाही. पण वारंवार घसरणाऱ्याच्या अंतःकरणातही ईमान असू शकते, ही साक्ष मिळाली. आपण मात्र पहिल्याच घसरणीला ‘नालायक’ म्हणून मोकळे होतो!

कुरआनवर हात ठेवून शपथ घ्यायला लावणे, खोलीत कोंडणे, हे उपाय आपल्या परिचयाचे आहेत. दीर्घकाळ दारू वा या गोळ्या घेणाऱ्याने त्या एकाएकी सोडल्यास फिट येऊ शकते, प्राणही जाऊ शकतो. म्हणून पहिले पाऊल डॉक्टरांकडे. समुपदेशनाचे काम त्यानंतर खरे सुरू होते, आणि ते उपदेशाहून वेगळे असते. तलफ कोणत्या वेळी येते, कोणाच्या संगतीत, पगाराच्या दिवशी की घरच्या भांडणानंतर, हे समुपदेशक त्याच्याच तोंडून वदवून घेतो, आणि त्या घटकेसाठी दुसरे काय करता येईल ते त्याच्यासोबत ठरवतो. झोप जाग्यावर येते, भूक लागते, फजरला जाग येऊ लागते. पत्नी व आईवडील यांनाही बोलावले जाते, कारण संशयाने खिसे तपासण्याची सवय त्यांनाही जडलेली असते.

पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करीत आले आहे. घरातून निघणे तूर्त अवघड वाटत असेल, तर केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर आधी अम्मीनेच बोलले तरी चालते.